मुरणं

उरुग्वेत एप्रिल म्हणजे पानगळ.
ओलेगारिओने सहा झाडं कापली,
पोस्टात रीतसर नोंदवलेली,
आणि भांगेच्या फांद्या उलट्या टांगल्या
शिवणाच्या खोलीत, काळोखात,
जिथे नेलिदाचं मशीन अजून झाकलेलं आहे.

शेजारचा बाउतिस्ता म्हणाला, घाई नको.
ऊन दाखवू नकोस. पंखा भिंतीकडे वळव.
काडी वाकली, तर थांब.
मोडली, तर ये सांगायला.

तिसऱ्या दिवशी वाकली.
सातव्या दिवशीही;
समुद्रावरून ओला वारा येत होता.
अकराव्या दिवशी पहाटे
कट्.
एवढा मोठा आवाज
त्या घरात कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

मग बरण्या. पाऊण भरायच्या, चेपायच्या नाहीत.
बरण्या नेलिदाच्याच:
'बिहीचा मुरंबा', खाली साल, तिरक्या अक्षरात.
लेबलं त्याने काढली नाहीत.

रोज दोनदा झाकण उघड, बाउतिस्ता म्हणाला,
आत कोंडलेलं बाहेर येऊ दे.
पहिल्या दिवशी नुसता कापल्या गवताचा वास.
एका बरणीला गोठ्याचा;
ती त्याने पुन्हा कागदावर पसरली, शिव्या घालत.
तिसऱ्या आठवड्यात संत्र्याची साल, मिरी,
आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव त्याला येईना.

गुडघे ठणकतात, तरी अजून एक झुरका नाही.
सकाळी येर्बाचं पाणी तापेपर्यंत
आणि संध्याकाळी, उगाच,
तो झाकण उघडून समोर बसतो,
बरणीला सांगतो
लोकरीचा भाव पडल्याचं,
बाउतिस्ताच्या पोरीला दात आल्याचं.
पंधरा मिनिटं.
मग फिरवून घट्ट.