तेरावा महिना

आमच्या गोंदरात तेरावा महिना खरोखरचा येतो,
दुष्काळ असो नसो.
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा.
त्या महिन्याला पगार नाही, घरभाडं नाही,
आणि आमच्या इद्दिरची वर्गणीही नाही.

इद्दिर म्हणजे आम्ही एकशेबारा घरं,
महिन्याला घरटी पन्नास बिर्र.
कुणी गेलं की तंबू, बाकं, तीन मोठी पातेली.
रडायला माणसं फुकट.
वही माझ्याकडे, एकोणीस वर्षं.

बाफेना इंजेरा विकते.
पैसे मोजताना दर खेपेला तेच:
"मेल्यावर काय, कुणीही पुरेल रे.
तवा तडकला, पोराची दाढ ठणकली,
तेव्हा कुठे असतो तुझा तंबू?"
मी म्हणायचो, नियमात बसत नाही.
मग तिने तेफच्या पोत्यात
एक डबा खुपसून ठेवला. अडीनडीचा.
नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

बिरेसाव गेला तेराव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी.
ट्रकवर पोती चढवणारा माणूस,
ना खोकला, ना ताप.
आम्ही तासाभरात तंबू उभा केला
आणि पाऊस आला.

गळायला लागलं
नेमकं बाफेना बसली होती तिथे.
एकोणीस वर्षं मी माणसांच्या मरणाची तरतूद केली,
कापडही म्हातारं होतं हे ध्यानात आलं नाही.
कुणीतरी पातेलं सरकवलं तिच्या पुढ्यात.
थेंब वाजू लागले, धर्मगुरू मध्येच थांबले.
ती वर बघत म्हणाली,
"याच्यासाठी ठेवलं होतं का कुणी काही?"
आणि हसली.
मला कळेना, कुठे बघावं.

चाळिसावा झाल्यावर डबा घेऊन आली.
पिठाळलेल्या नोटा. मी मोजल्या.
तिच्या हिशेबापेक्षा तीनशे चाळीस जास्त.
पुन्हा मोजल्या.
"तुझं गणित कच्चं," मी म्हणालो.
ती कितीतरी वेळ गप्प.
मग नुसतं,
"म्हणजे ठाऊक होतं त्याला."

तीनशे चाळीस माझ्याकडे सरकवले:
"तंबूला ठिगळ लाव.
बाकीचे मला हवेत, तवा तडकलाय."

कुणाच्या नावावर जमा करू, हे विचारेपर्यंत
ती कोपऱ्यावर वळलीसुद्धा.

मी वहीत लिहिलं:
बिरेसाव.
वर्गणी, तेरावा महिना.