ओला पारा, कोरडा पारा

एकतीस वर्षं मी नारिनच्या वरच्या खिंडीत
दर तीन तासांनी आकाशाची नाडी पाहिली.
पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक:
एक कोरडा, एकाच्या टोकाला ओली चिंधी.
दोघांमधलं अंतर म्हणजे हवेची तहान.
आकडे वहीत, मग आकडे तारेवर,
बिश्केकात कुणीतरी वाचत असावं.

केंद्र बंद झालं तेव्हा कुलूप मीच लावलं.
तापमापक मात्र लोकरी मोज्यात गुंडाळून
घरी आणले.
चोरी म्हणायचं तर म्हणा.

आता ते जुन्या सारातोव फ्रिजमध्ये असतात.
जन्मभर गारवा राखलेल्या त्या कपाटाला
मी उतारवयात ऊब शिकवतेय:
साठ वॅटचा दिवा, मोडक्या कॉम्प्युटरचा पंखा,
शेजारच्या एसेनगुलने जोडलेला थर्मोस्टॅट,
तळाला पसरट ताटलीत पाणी.
दारात काच बसवली, आत डोकावायला.
तेवीस अंडी, एका अंगाला फुली, दुसऱ्याला गोल,
पेन्सिलीनेच. कवच श्वास घेतं.

कोरडा साडेसदतीस, ओला एकोणतीस.
उंचीची दुरुस्ती धरून बरं का;
इथली विरळ, कोरडी हवा
अंड्यातलंसुद्धा पाणी ओढून घेते.
एसेनगुल हसतो, कोंबडीला कुठं कोष्टक वाचता येतं?
तिला वाचावं लागत नाही, म्हटलं. मला लागतं.

पूर्वी बरं होतं.
गारा पडल्या की मी लिहायची: गारा.
कुणाची मेंढरं गेली, त्याला रकाना नव्हता.
आता एकोणचाळीस लिहायची पाळी आली
तर तो आकडा माझा.

सातव्या रात्री अंधारात बॅटरी लावून पाहिलं.
लाल जाळं, मधे तीळ.
तीळ हलला.
चार अंडी नुसतीच उजळली, रिकाम्या खोल्यांसारखी.
ती काढली. एकोणीस राहिली.

सोळाव्या रात्री वीज गेली.
फ्रिजवर गोधड्या, त्यावर नमद्याचा शिर्डाक,
आत गरम पाण्याच्या बाटल्या.
छत्तीस. पस्तीस. तेहतीस पूर्णांक आठ.
चार वीसला एसेनगुल आला,
गाडीची बॅटरी पोटाशी धरून, तान्हं आणावं तशी.
मी वेळ नोंदवली.
कळवायचं कुणालाच नव्हतं,
तरी अक्षर नीट काढलं.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं.
दुसरी ताटली, वर ओला स्पंज,
ओला पारा साडेबत्तीसवर. काच आतून धुरकट.
आता फक्त उघडायचं नाही.
एवढंच काम, आणि तेच होत नाही माणसाच्यानं.

एकविसाव्या दिवशी आत टकटक.
एक पिल्लू कालपासून अडकलेलं,
भोकातून चोच, चोचीत दम.
एसेनगुल म्हणाला, काढ की त्याला!
मी म्हटलं, दार उघडलं तर बाकीच्यांचा पडदा वाळेल,
चामडं होईल त्याचं.
म्हटलं, आणि उघडलं.

दहा मोजेपर्यंत, जास्त नाही.
काच झटक्यात स्वच्छ झाली.
ओला पारा तीन अंश घसरला.
ते पिल्लू निघालं, ओलंचिंब, डावा पाय वाकडा.
दुसरी दोन, नुकती भोक पाडलेली,
तिथेच राहिली.
तीन तर वाजलीच नाहीत कधी.

चौदा. त्या वाकड्या पायाच्यासकट.
एसेनगुल चौदा मोजतो आणि खूश होतो.
मी दोन मोजते.
वहीत शेऱ्याचा रकाना आहे, तिथे लिहिलं:
दार उघडलं, दहा सेकंद, कारण
इथे पेन थांबलं.
मग शाई वाळायच्या आत पुढची ओळ:
सकाळी सहा. बाहेर उणे चार. उत्तरेचा वारा.
वाकडा पाय उभा राहिला, पडला,
पुन्हा उभा राहून
माझ्या बटणाला चोच मारतोय.