बारदान

नमुना अगदीच थोडा असला
की मॅडम म्हणतात, "केंजळे, यीस्टचा टीआरएनए घाल,
स्वस्तातला असतो, बाकीच्यांना खाली ओढून आणतो."
मी घालते. अल्कोहोलात पांढुरकं काही जमतं,
नळीच्या बुडाशी बसतं.
मग सगळे निरोप वाचायला वाकतात.

खारघरच्या त्या खोलीत उणे ऐंशीचा फ्रीज घरघरतो
आणि मला तुर्भ्याचं दाणाबंदर आठवतं:
आप्पा, हिंदुराव केंजळे, बिल्ला नंबर चारशे बारा,
मानेवर गोणी, मुठीत आकडा.
कुठला माल कुठल्या गाळ्यात हे हाताला कळायचं.
गोणीवरची अक्षरं
त्यांना कधी वाचता आली नाहीत.

हाही तसाच. शहात्तरेक अक्षरांचा जीव,
कोपरात दुमडलेला.
एका टोकाला तीन अक्षरांचा आकडा,
दुसऱ्या टोकाला ओझं, एकच, ठरलेलं.
निरोपाच्या ओळीत आपली जागा लागली
की ओझं उतरवायचं,
मोकळ्या पाठीनं परत फिरायचं.

कॉलेजात शिकवलं ते असं:
आधी जनुक, मग निरोप, मग हमाल.
आधी शेठ, मग चिठ्ठी, मग आप्पा.

परवा वाचलं, काहींचं म्हणणं उलटंच आहे.
(वाद आहे अजून. चारशे कोटी वर्षांपूर्वीची
खातेवही कोण उघडून दाखवणार?)
म्हणे आधी हमालच होते.
कुठल्याशा कोमट गढूळ पाण्यात
ही वाकडी बुटकी मंडळी
कुणाचा हुकूम नसताना इकडचं तिकडे नेत होती.
आणि कधीतरी एकाला एक जोडली गेली,
एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं,
आणि तो लांबडा पट्टा
वाचता येऊ लागला.

रात्री कोपरखैरण्याला, जेवणं झाल्यावर,
आप्पांना सांगून पाहिलं.
त्यांनी कमरेचा पट्टा सैल केला.
"म्हंजी बारदानागत," म्हणाले.
"फाटक्या चार गोण्या उसवायच्या,
दाभणानं सुतळी घालून जोडायच्या.
आमी जोडल्याली आमच्या गाळ्यावर.
शेठ तिच्यावरच बसून हिशेब लिवायचा."

तसंच काहीसं, मी म्हटलं.

"मग शेठला म्हायती हाय का हे?"

मला हसू आलं. आप्पा हसले नाहीत.
उजव्या खांद्यावरचं दगड झालेलं कातडं
बोटानं चाचपत राहिले,
सावकाश, डावीकडून उजवीकडे,
ओळ लागत असल्यासारखे.