रकाना सातवा

नियमावली समुद्राची होती.
बासष्ट पानं, निळा पुठ्ठा,
मुखपृष्ठावर जहाज आणि दीपगृह.
ती पिशवीत घालून मी सातारा स्टँडवर
बामणोलीची एसटी धरली.

मी दाभोळची. बंदर म्हटलं
की मला आधी वास येतो, सुकटीचा, डिझेलचा,
मग भांडणं ऐकू येतात.
इथे कोयनेचं पाणी
अडून अडून इतकं गप्प झालेलं
की लाँचचं इंजिन थांबलं
तेव्हा पलीकडच्या डोंगरात कुणीतरी
लाकूड फोडताना ऐकू आलं.

रकाना चौथा : धक्क्याची कायम जागा.
धक्का म्हणजे लाल मातीचा उतार.
पाणी खाली गेलं की तोही खाली जातो,
त्याच्या मागून माणसं, शेळ्या, दुधाच्या किटल्या.
मी लिहिलं, ‘चालता आहे’.
मग खोडलं.

जॅकेटं? आहेत की, म्हणाले दगडू संकपाळ,
शाळेच्या कपाटात, कुलपात.
किल्ली गुरुजींकडे.
गुरुजी मेढ्याला.
चौथ्या दिवशी कपाट उघडलं,
दोन जॅकेटांत उंदरीण व्यालेली.
मी बोलले जरा जास्तच.
दगडूंनी ऐकून घेतलं,
आणि पिल्लं एकेक करून टोपीत ठेवली.

रकाना सातवा : भरती-ओहोटीच्या वेळा.
हा तर सोडूनच द्यावा म्हटलं.
दगडू म्हणाले, “सोडू नका. हाय की.
वर्साला एक.
भरती श्रावणात.
ओहोटी मे महिन्यात, तवा
आमच्या देवळाचा चौथरा वर येतो.
आठ-धा दिस.
गाळ काढतो, दिवा लावतो,
परत पाणी येतं.”
मी रकाना कोरा ठेवला.

मग रेघ.
चौदा माणसं बसवली,
पाणी फळीवर जिथवर चढलं तिथे खडूची खूण,
माणसं उतरवली,
आणि दगडूंच्या पुतणीनं, तेजूनं,
ऑइलपेंटनं ती पांढरी केली.
हात कापत होता तिचा, रेघ वाकडी आली.
पाणी सरळच होतं.

एक माणूस म्हणजे पंच्याहत्तर किलो,
असं पान एकतिसावर आहे.
“गोदूबाई पस्तीस भरंल,” कुणीतरी म्हणालं,
“उरलेल्या चाळिसात तिची शेळी बसवा.”
नाचणीचं पोतं माणूस की माल
यावर अर्धा तास गेला.
पान एकतिसावर नाचणी नाही.
शेवटी पोतं माणूस ठरलं,
शेळी गोदूबाईत धरली.

शिट्ट्या मात्र पोरांना लगेच कळल्या.
प्रत्येक जॅकेटाला एक.
दिवसभर खोऱ्यात कुणी ना कुणी बुडत होतं.

संध्याकाळी शेवटची फेरी.
मी दप्तर आवरून उतारावर आले,
एक पाय लाँचमध्ये टाकला,
आणि दगडूंनी पाण्याकडे पाहिलं.
रेघेला पाणी टेकलेलं.
“मॅडम, चौदा झाले.”

मी हसले.
ते हसले नाहीत.
आत कुणी सरकलं नाही,
कुणी म्हणालं नाही की साहेबबाई हायेत, घ्या.
काल म्हणाले असते.
गोदूबाईनं शेळीचं दावं आखूड केलं
आणि दुसरीकडे बघितलं.

मी पाय काढून घेतला.
“येतो परत,” दगडू म्हणाले, “तासाभरात.
बॅटरी हाय न्हवं?”
नव्हती.

इंजिन वळणाआड गेलं.
मातीत बसले. मोबाईलच्या उजेडात
नियमावली उघडली,
राहिलेल्या धक्क्यावरच्या प्रवाशाबद्दल
बासष्ट पानांत एक ओळ नाही.
जरा रडू आलं, भुकेनं असेल.
समोर पाणी, त्याखाली कुठेतरी चौथरा,
तिथे गाळ बसत असणार, आत्ताही.
सातव्या रकान्यात लिहिलं :
‘वर्षाला एक.’

किती वेळ गेला ठाऊक नाही.
आधी आवाज आला.
मग लाँच नाही, दगडू नाही,
अंधारात नुसती
एक वाकडी पांढरी रेघ दिसली,
पाण्याच्या चांगली वीतभर वर.