द्राक्षांच्या खोक्यांत

पार्सल आलं तेव्हा पाच होत्या.
मूळ पुठ्ठ्यांचा पहिल्याच पावसाळ्यात लगदा झाला,
म्हणून मी पिंपळगावहून द्राक्षांची खोकी आणली,
आत कागदाच्या पट्ट्या, वर हिरव्या शाईत
‘निर्यात दर्जा. उन्हात ठेवू नये.’
तेव्हापासून त्या तिथंच राहतात,
प्राणिशास्त्राच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात.
किल्ली माझ्याकडे.

मी गायखे. परिचर.
बेडकांच्या बरण्या पुसायच्या, तास सुटला की
कवट्या मोजून घ्यायच्या, एवढं माझं काम.
लांबलचक नावं येत नाहीत, खुणा येतात:
ताऊंगचं पोर, ओंजळीत मावणारं, दुधाचे दात अजून तोंडात;
भुवयांची पडवी पुढं काढलेला थोरला;
नर्मदेकाठचा, अर्धाच, पण आपल्याकडचा,
म्हणून त्याचं खोकं मी वर ठेवतो;
तुलनेसाठी आलेला पाहुणा, चिंपांझी;
आणि जॉर्जियाची बोळकी.
सगळ्यांच्या टाळूवरून साच्याची एक रेघ गेलीय.
नख लावलं की कळतं, हाड नाही.

निकुंभ मॅडम म्हणतात, चेहरा बघू नका, उलटी करा.
पोरं चेहराच बघतात.
परवा मागच्या बाकावरून एकानं
भुवयांवाल्याकडे बोट केलं,
‘मॅडम, हा पेठ तालुक्यातला ना?’
हसले सगळे. मीही,
खोटं कशाला बोलू, सवयीनं हसलो थोडा.

जयवंती भोये हसली नाही.
पेठच्याही पुढच्या पाड्यावरची ती.
उठली, टेबलापाशी आली,
चिंपांझी उलटा केला, मग पोर उलटं केलं,
दोघांच्या तळाच्या भोकात एकेक बोट घातलं
आणि दोन्ही हात वर धरले.
चिंपांझी तोंडावर कलंडला.
पोर डुगडुगलं, राहिलं.
‘हे चुंबळीसारखं आहे,’ ती म्हणाली.
‘हंडा मधोमध बसला तर मान काही बोलत नाही.
जरा सरकला की रात्रभर बोलते.
पहिलीत असल्यापासून वाहते मी पाणी.
हे पोर दोन पायांवर चालत होतं, मॅडम.’

मॅडमनी खडू खाली ठेवला.
फळाभर लिहिलेलं त्यांनी पुसलं नाही,
पण वाचूनही दाखवलं नाही.
मागच्या बाकावर कुणाचं तरी पेन पडलं
आणि ते बराच वेळ सापडेना.
मी फडकं पिळत होतो. कोरडंच होतं.

संध्याकाळी मोजताना बोळकीपाशी हात रेंगाळतो.
बाई की बाप्या, नक्की नाही म्हणतात.
एकच दात उरलेला, बाकी खळगे भरून आलेले.
असं हाड भरायला वर्षं लागतात.
ती वर्षं ती जगली, बिनदाताची,
म्हणजे कदाचित
(मॅडम ‘कदाचित’वर जोर देतात)
कुणी तिला ठेचून, मऊ करून दिलं असेल.
अठरा लाख वर्षं झाली.
माझी आई भाकरी चहात बुडवून खायची,
तुकडा कपात गळून पडायचा,
आणि मी म्हणायचो, आटप गं, ड्युटी आहे.
रामकुंडावर मडकं पालथं केलं
तेव्हाही मागं रांग होती,
तेव्हाही आटपलंच.

वरच्या अंगाला, गंगापूरच्या जुन्या वाळूत
दगडाची हत्यारं सापडलीत म्हणे.
मूठ बसेल अशी, धार शाबूत.
मूठ मात्र सापडली नाही.

आज पोराला मी बोळकीच्या खोक्यात ठेवलं.
दोघांत एक खंड आहे आणि दहा लाख वर्षं,
यादीत तसं बसत नाही.
यादीवर लिहिलं: पाच, बरोबर.
कपाट लावलं.
मग रिकाम्या प्रयोगशाळेत उभा राहून
मान एकदा डावीकडे,
एकदा उजवीकडे वळवून पाहिली.