बाण

दसकच्या शाळेतून गोदावरी दिसते,
म्हणजे पाणवेलीच दिसतात.
‘नदी कशानं तुंबली?’ मी नववी ‘ब’ला विचारलं.
‘पाणवेलींनी, सर!’ एका सुरात.
एक प्रश्न, एक बाण, दोन गुण.

मी बाण मागे नेला:
वेल फोफावते नाल्याच्या फेसावर,
फेस येतो मोरीतून,
मोरी कुणाची?
खाली माना.

पुढेही नेला:
वेलीखाली पाणी थांबतं, थांबल्या पाण्यात डास.
इथे फळा संपला.
‘मग डासांचा बाण कुठे जाणार?’
रुबिना पिंजारी. एरवी तोंड न उघडणारी.

मला वाटलं, उद्या सांगतो म्हणावं.
तेवढ्यात गांगुर्डे उठला,
हातातला खडू घेतला
आणि चौकटीवरून खाली उतरला बाण,
भिंतीवरून, फरशीवरून,
दप्तरं सरकवत
तिसऱ्या बाकापाशी आला.
तिथं यशोधन बसतो.
आठ दिवस ताप आहे त्याला, बिटकोत ठेवलाय.

शिपाईमामांना म्हटलं,
आज फरशी राहू द्या.

संध्याकाळी घरी, मोरीत
साबणाची बादली उपडी करताना
हात मध्येच थांबला.
पाणी तोवर गेलं होतं.