कळीचा ओंडका

तू सांगायचास, नदीत लाकडं अडकली
की सगळी ढकलायची नसतात.
कळीचा ओंडका एकच असतो.
तो हेरायचा, आकडीनं हलवायचा,
आणि मागं न बघता काठाकडं पळायचं.

फेब्रुवारीत, सरपण फोडताना, तूच अडकलास.
कुऱ्हाड ठोकळ्यात रुतलेली,
हेलिकॉप्टर गोठल्या तळ्यावर उतरलं,
आणि योएन्सूला एका पोरसवदा डॉक्टरणीनं
मनगटातून तार सरकवत नेऊन
नेमकं तेच केलं.
पडद्याकडं बघत तू म्हणालास, "सुटली."
नदी म्हणायचं होतं तुला. तिला वाटलं, कळ.

आता आत एक बारकी जाळी आहे.
आणि बाकीच्या वाहिन्या? विचारलंस तू.
हेन्ना म्हणाली, त्यांना चालवा, ताइस्तो,
त्या चालण्यानंच सैल राहतात.
आधी टपालपेटीपर्यंत. मग करवतीच्या गिरणीपर्यंत.
धाप लागावी, पण बोलता आलं पाहिजे.

बोलता!
पंचेचाळीस वर्षांत तू माझ्याशी चालताना बोलला नव्हतास.
आता औषधासारखा बोलतोस, वेळेवर.
बूट चावतोय. हा बर्च वाळणार.
लोण्याचं भांडं कुठं लपवलंस, इर्मेली?
आणि परवा, गिरणीच्या चढावर, मध्येच,
पावोचं नाव.
पावो, जो काठाकडं पळाला नाही.
कारण तू हाक मारलीस आणि त्यानं मागं पाहिलं.
एवढंच. मग तू थांबलास,
नाडी मोजतोयस असं दाखवत.
मीही घड्याळाकडं पाहिलं.

जून आला. रात्र उतरतच नाही खाली.
सात तास झोप हवी, कागदावर लिहिलंय,
म्हणून मी लष्करी घोंगडी उसवून
खिडकीला जाड पडदा शिवला.
अंधार झाला, माणसानं केलेला, शिवणीशी थोडा गळका.
तू झोपतोस त्यात. घोरतोस, चक्क.

मध्येच घोरणं थांबतं.
एक. दोन. तीन. चार.
मग पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

माझ्या झोपेबद्दल त्या कागदावर काही नाही.
तीनला मी उठते, बाहेर लख्ख उजेड.
तुझे पायमोजे दोरीवर उलटवते,
टाचेला पुन्हा भोक पडलंय.
रफू करायला बसते.